मुकादमाच्या शब्दावर

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि इंदापूरच्या या पट्ट्यात बागायत फुलली. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबजवळ साखर कारखाना काढला, पुढे भवानीनगरला सहकारी ‘छत्रपती’ उभा राहिला. ऊस लावायला गावची माणसं होती, तोडायला मात्र बाहेरून आणावी लागली. 1972 च्या दुष्काळानंतर बीड, आष्टी, पाथर्डीकडच्या टोळ्यांची रीघच लागली.

टोळी आणतो मुकादम. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीशी. या उतरंडीत कारखाना कुणाचाच मालक ठरत नाही, हीच तिची खुबी. उचल हंगामाआधी मिळते आणि लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जिरते. मग ती टनाटनाने फेडायची. बाई पहाटे कोपीसमोर भाकरी थापते, दिवसभर फडात मोळ्या बांधते आणि संध्याकाळी तीच मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. आजारपणाने घरी बसली तर खाडा लागतो.

मुकादमाला नुसता खलनायक करणं मला पटत नाही. तो बहुधा त्याच गावचा, भावकीतला असतो. मध्यरात्री पोर तापलं तर दवाखान्याचे पैसे तोच काढतो आणि तेही उचलीत मांडतो. नात्यातल्या माणसाशी हिशेबावरून भांडणं जड जातं. सगळा धंदा त्या भिडेवर चालतो.

मार्च 2020 मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि जिल्ह्याची हद्दच सरहद्द झाली. राज्यातल्या 38 कारखान्यांवर सुमारे 1 लाख 31 हजार तोडकरी अडकले. काही टोळ्या रातोरात निघाल्या आणि नाक्यावर अडवल्या गेल्या. त्याच दिवसांत पालघरकडे दुधाच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून गावी निघालेली माणसं सापडली. मे महिन्यात इंदूरजवळ काँक्रीट मिक्सरच्या पोटातून 18 जण बाहेर निघाले. तोडकऱ्यांना गावी सोडण्याचा सरकारी आदेश निघाला 17 एप्रिलला.

त्यानंतर तोडणीचे दर वाढले, 2020 मध्ये 14 टक्के आणि जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के. तोडकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळही आलं. पण दर वाढले तशी उचलही फुगली. ती घेऊन मुकादम पसार झाला की वाहतूकदार करारपत्र घेऊन पोलीस ठाण्यात जातो, गुन्हा नोंदवतो. कोयत्याची बाकी मात्र मुकादमाच्या वहीत असते. कोयत्याला वहीची नक्कल कुणी देत नाही, आणि अंगठा दिलेला कोरा स्टॅम्पपेपरही बऱ्याचदा मुकादमाकडेच असतो.