मोठं झालं म्हणून एकटं सोडू नका

मुलगा-मुलगी बारावी होईपर्यंत आपलं लक्ष असतं. मग आपण म्हणतो, "आता मोठं झालं, त्याचं त्याला कळतं." खरी सोबत लागते ती तिथून पुढे.

आमच्या वस्तीत अठरा वर्षांच्या एका मुलानं कॉलेज सोडलं. आई धुणीभांडी करते, वडील नाक्यावर कामाला उभे राहतात. हा रात्रभर मोबाइल बघायचा, दुपारपर्यंत झोपायचा, तोंडात सतत तंबाखू. सगळे त्याला आळशी म्हणाले, आम्हीही म्हणालो. एकदा आमच्यातल्या रिक्षावाल्या काकांनी त्याला चहाला नेलं. उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "झोप लागते का रे?" तेव्हा तो बोलला. शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला होता, फी थकली होती आणि घरी सांगायची लाज वाटत होती.

काकांनी अर्ज भरून दिला नाही. ते शेजारी बसले, त्यानं स्वतः भरला. आधार द्यायचा तो असा.

आम्ही आता एवढं पाळतो. एका मुलामागे एक भरवशाचं मोठं माणूस. मुलीला शक्यतो मावशी किंवा ताई. आठवड्यातून एकदा भेट. आधी जेवण आणि झोप विचारायची, मार्क नंतर. सांगितलेलं चारचौघांत बोलायचं नाही. मात्र जिवाला धोका वाटला, तर गप्पही बसायचं नाही. लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं.

सोबत जायला जागाही आहेत. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं. तिथं पाळी, वयात येणं, व्यसन, मनावरचा ताण यांवर मोकळेपणानं बोलता येतं. मुलगी सारखी दमत असेल, चक्कर येत असेल, तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, नखरे नव्हेत. मन फार खचलं असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 आहे. पहिल्या वेळी आपण शेजारी बसा, फोन त्यालाच लावू द्या.

तो मुलगा परत कॉलेजला जातो. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही. काकांचा गुरुवारचा चहाही सुटलेला नाही.