सॉफ्टवेअर दुकानासाठी की सीएसाठी?

धुळ्यात आग्रा रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, ‘शेठ, हेच सॉफ्टवेअर का घेतलं?’ उत्तर ठरलेलं आहे: ‘सीए साहेबांनी सांगितलं.’ कापडवाला असो, मेडिकलवाला असो, कृषी सेवा केंद्र असो की मार्केट यार्डातला अडत्या. धंदे चार, डोकेदुख्या चार तऱ्हांच्या, आणि सॉफ्टवेअर सगळ्यांकडे एकच. त्यातून कुणी शंका काढलीच, तर शेजारचा समजूत घालतो, ‘अहो, सगळे तेच वापरतात, घ्या बिनधास्त.’

सीएंना दोष द्यायचा नाही. त्यांना महिन्याची विक्री-खरेदी, कराचे आकडे आणि मार्चअखेर ताळेबंद ओळखीच्या साच्यात मिळाला की त्यांचं भागतं. सगळ्या पक्षकारांचा डेटा एकाच सॉफ्टवेअरमध्ये आला तर रिटर्नच्या तारखेला त्यांचं जागरण वाचतं. तेव्हा ते जे सुचवतात ते त्यांच्या टेबलापुरतं बरोबरच असतं. पण गोदामात मुदत संपत आलेली बॅच सीएला दिसत नाही. नरडाण्याकडच्या कुठल्या गावात किती उधारी अडकली आहे, हेही त्याला दिसत नाही. पैसा बुडतो तो तिथेच.

गंमत अशी की, ज्या टॅलीचं नाव सीए घेतात तिचा जन्म एका व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या धंद्याचा हिशेब सांभाळेल असं काही बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते बनवायला सांगितलं. हे १९८६ साल. म्हणजे आधी मालकाने आपली गरज ओळखली, सॉफ्टवेअर मागून आलं. आपण नेमकं उलटं करतो.

कृषी सेवा केंद्राचंच घ्या, खानदेशात त्यांना तोटा नाही. अनुदानाचं खत २०१८ पासून पॉस मशीनवर, शेतकऱ्याचा आधार घेऊन विकावं लागतं. म्हणजे खताचा एक साठा मशीनमध्ये आणि दुसरा तुमच्या संगणकात. गोदामातल्या पोत्यांशी दोन्ही जुळले नाहीत, तर तपासणीला आलेल्या निरीक्षकाला काय सांगणार? पुढे कर. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी शून्य, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. जूनमध्ये कपाशी लावणारा शेतकरी या तिन्ही वस्तू एकाच बिलावर नेतो. बियाण्याला लॉट नंबर, औषधाला बॅच, दोघांनाही मुदत. आणि पैसे? कापूस विकल्यावर! म्हणजे हंगामाची उधारी दिवाळीच्या पुढे. या दुकानदाराला गावाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे थकबाकी दाखवणारं सॉफ्टवेअर हवं. प्रत्यक्षात त्याच्याकडे काय असतं? महिनाअखेरीला बिलबुकं पिशवीत घालून सीएच्या ऑफिसात जातात, तिथला मुलगा ‘विक्री ५ टक्के’, ‘विक्री १८ टक्के’ असे एकरकमी आकडे टाकतो, आणि शेठ म्हणतात, ‘आपलं सगळं कॉम्प्युटरवर आहे.’

तयार कपड्यांच्या दुकानाची अडचण वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ही मर्यादा प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीला लागते. करापूर्वी २,६०० रुपयांचा शर्ट १० टक्के सुटीने २,३४० ला दिला, तर कर ५ टक्क्यांनी. सॉफ्टवेअर सुटीच्या आधीची किंमत बघून दर लावत असेल, तर प्रत्येक सेलमध्ये तुम्ही गिऱ्हाईकाकडून जास्तीचा कर घेणार. साडीला ही अट नाही, कारण तिची गणना कापडात होते. हा फरक वस्तूंच्या यादीत नीट भरावा लागतो.

जळगावच्या डाळमिलला एक पोतं तूर आत गेली की डाळ, चुनी आणि टरफल असे वेगवेगळे माल बाहेर पडलेले दाखवता आले पाहिजेत, नाहीतर उतारा किती पडला हे कळायचंच नाही. तिथल्याच सराफाला प्रत्येक दागिन्याचं वजन आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी बिलावर हवा, कारण १ एप्रिल २०२३ पासून त्या नंबरशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मेडिकलवाल्याला शेड्यूल एच-१ च्या औषधांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवायची असते. यातलं काय काय त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलं आहे, हे कधी तपासलंत? टॅलीत बॅच, मुदत, उत्पादन यांच्या सोयी आहेत. पण त्या चालू कराव्या लागतात, आणि साठ्याची नोंद न ठेवता नुसती खाती ठेवणारी कितीतरी दुकानं गावात सापडतील.

यावर हुकमी उत्तर येतं: ‘शेवटी रिटर्न तर सीएच भरतो ना? चुकलं तर तो बघून घेईल.’ हे ऐकलं की माझा पारा चढतो. ते दिवस गेले. तुमच्या बिलांची माहिती जीएसटीआर-१ मध्ये जाते आणि तिच्यावरून जीएसटीआर-३बी या रिटर्नमधला देय कर आपोआप भरला जातो. जुलै २०२५ च्या करकाळापासून हा आकडा ३बी मध्ये बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून, म्हणजे पुन्हा मूळ बिलाकडे जाऊन. गल्ल्यावरच्या पोराने चुकीचा दर लावला तर सीए महिनाअखेरीला आकडा हळूच नीट करून देऊ शकत नाही.

मग सीएला काय विचारायचं? एवढंच, की तुम्हाला माझा डेटा कोणत्या रूपात हवा. जीएसटीच्या रिटर्नची फाइल किंवा एक्सेल काढून देणारी सॉफ्टवेअरं भरपूर आहेत. ती फाइल निघते का हे बघायचं आणि निवड स्वतः करायची. आणि डेमो बघताना सेल्समनच्या ‘एबीसी ट्रेडर्स’वर भाळायचं नाही. त्यात नेहमी दोन वस्तू आणि रोख विक्री असते, अडचण कुठून येणार? मागच्या महिन्यातलं आपलं सगळ्यात किचकट बिल खिशात न्यायचं: तीन दर, थोडी सूट, अर्धी उधारी, दोन नग परत आलेले. ‘हे करून दाखवा’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. ‘ते कस्टमायझेशनमध्ये होईल’ असं उत्तर आलं, तर त्याचा खर्च आणि तारीख लेखी घ्यायची.

बाकीचे समज एकेका दमात उरकतो.

‘नव्या कायद्याने प्रत्येकाला एडिट लॉगवालं, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे.’ विक्रेत्यांनी हे पुष्कळ खपवलं. १ एप्रिल २०२३ पासूनचा हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. तो कंपन्यांना लागतो, तुमच्या एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला लागत नाही.

‘ई-इनव्हॉइस सगळ्यांना करावंच लागतं.’ १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींच्या वार्षिक उलाढालीची आहे. २०१७-१८ पासून कुठल्याही वर्षी ती ओलांडली असेल तर लागू. तेही नोंदणीकृत व्यापाऱ्याला किंवा निर्यातीला केलेल्या बिलांपुरतं, किरकोळ गिऱ्हाईकाला नाही.

‘क्रॅक व्हर्जन चालतं, धुळ्यात कोण बघायला येतं?’ कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-बी जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्यालाच धरतं: सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. शिवाय सप्टेंबर २०२५ सारखे दर एका रात्रीत बदलले की अपडेट मागायला तुम्ही जाणार कुठे?

‘फुकटचं ते कामाचं नाही.’ दीड कोटींच्या आतल्या उलाढालीसाठी खुद्द जीएसटीएनने काही कंपन्यांची बिलिंग सॉफ्टवेअरं मोफत उपलब्ध करून दिली होती. लहान दुकानाने आधी अशी वापरून बघावीत.

‘क्लाउडवर डेटा चोरीला जातो, आपला पेनड्राइव्ह बरा.’ तो पेनड्राइव्ह संगणकाशेजारच्याच ड्रॉवरमध्ये असतो. दुकानाला आग लागली तर दोन्ही एकदम. क्लाउडवाल्याला मात्र एक प्रश्न नक्की विचारा: वर्गणी थांबवली तर जुना डेटा उघडेल का? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वहीखातं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचं असतं.

‘घेतलं की दुसऱ्या दिवसापासून चालू.’ अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हॅलोविनच्या तोंडावर नवी यंत्रणा घाईने सुरू केली. माल गोदामात पडून, आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. त्यांच्याकडे तज्ज्ञांची फौज होती, आपल्याकडे तर बिलं करायला भाचा बसलेला असतो. तेव्हा कृषी केंद्राने जूनमध्ये आणि कापड दुकानाने दिवाळीच्या आधी सॉफ्टवेअर बदलायला घेऊ नये. १ एप्रिलचा मुहूर्त धरावा आणि महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवावं. दोन्हीकडची उधारी रुपयाला रुपया जुळेपर्यंत जुनं बंद करू नये.