संकट निघून जातं, कर्ज मुक्कामाला राहतं

म्हैसूर म्हटलं की डोळ्यांपुढे राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक आणि रेशमी साड्या येतात. पण याच जिल्ह्यातल्या हुणसूर, पिरियापट्टण, एच. डी. कोटे या तालुक्यांत पावसाच्या भरवशावर तंबाखू, कापूस, नाचणी पिकवणारी कितीतरी कुटुंबं आहेत. पाऊस दडी मारतो, बैल दगावतो किंवा घरचा कर्ता माणूस अंथरूण धरतो, तेव्हा ही कुटुंबं काय करतात?

आधी पोटाला चिमटा

सुरुवात स्वयंपाकघरातून होते. डाळ पातळ होते, भाजी बंद होते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारी घरची बाई अर्धपोटी राहते. मग शेळ्या, कोंबड्या विकल्या जातात. अंगावरचं किडुकमिडुक गहाण पडतं. कुणी शेजारच्या कोडगूत कॉफीच्या मळ्यावर मजुरीला जातं.

विकलेली शेळी पुन्हा घेता येते. पण मजुरीसाठी शाळेतून काढलेली मुलगी सहसा परत शाळेत जात नाही आणि हातची गेलेली जमीन परत मिळत नाही. आजची अडचण भागवताना उद्याचा आधार मोडू नये, हीच खरी कसोटी असते.

बचतगटाची शिदोरी

यावर एक उत्तर याच मातीत सापडलं. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘मैराडा’ संस्थेच्या कामात १९८०च्या दशकात मोठ्या सहकारी सोसायट्या मोडल्या. मात्र एकमेकांवर विश्वास असलेले सभासद छोटे गट करून बचत करू लागले. १९८७ मध्ये नाबार्डने या प्रयोगाला १० लाख रुपये दिले. १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांशी जोडण्याची योजना आखली गेली. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांना बचतगट माहीत आहेत, त्यामागे हा प्रयोगही आहे.

गटातल्या बायका एकमेकींचं घर ओळखतात. कुणाची नड खरी, कुणाला मुदत द्यायची, हे त्याच ठरवतात.

हप्त्याचा फास

झटपट कर्जाचं तसं नसतं. पिकाचा पैसा काही महिन्यांनी येतो, हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यात दारात उभा राहतो. मग एक फेडायला दुसरं कर्ज काढलं जातं. २०२५च्या सुरुवातीला म्हैसूर, चामराजनगर भागातली काही कुटुंबं वसुलीच्या जाचामुळे घरं सोडून गेल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने वटहुकूम काढला. जुलूम करून वसुली करणाऱ्यांना १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचा मिळून मासिक हप्ता त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. सकाळी ९च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. शिवीगाळ, धमकी तर मुळीच चालत नाही.

गरजेआधीची तयारी

म्हणून नड येण्यापूर्वीच गटात नाव घाला. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेत उतरवता येतो, तो घ्या. कर्नाटकात ३० ऑगस्ट २०२३ला म्हैसूरमध्येच सुरू झालेल्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये ठरले. असा पैसा हाती आला, तर त्यातले थोडे तरी बाजूला टाका. कर्जाच्या कागदावर अंगठा देण्याआधी घरात सगळ्यांनी बसून हिशेब करा.

संकट सांगून येत नाही. पण घरातली बाई हिशेबाला बसली, की ते आल्यावरही घराचा पाया हलत नाही.