नेमबाजाचें पिस्तूल : निवड आणि जुळवणी

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूर ओलांडून नंदुरबारच्या दिशेनें निघाली म्हणजे वाटेंत खांडबारा हें स्थानक लागतें. 1 जुलै 1998 रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. त्याच्या नवापूर तालुक्यांतील हें गांव. भिल्ल, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांचा हा मुलूख, आणि धनुष्यबाण येथें पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि पुष्कळदां त्याची दोरीसुद्धां बांबूच्याच कामटीची. थोरल्या माणसाचा कमठा लहान पोराच्या हातीं दिला तर बाण भलतीकडेच जावयाचा, हें या मुलखांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. आधीं हात पाहावा, मग हत्यार पाहावें, हा तेथील साधा व्यवहार होय.

पिस्तुलाच्या नेमबाजीचें शास्त्रहि याच सूत्रावर उभें आहे. मात्र पिस्तूल दुकानांत तयार मिळत असल्यामुळें हें सूत्र लोकांच्या ध्यानांतून निसटतें. एखाद्या मुलास किंवा मुलीस या खेळाची आवड उत्पन्न झाली म्हणजे घरचीं माणसें पहिला प्रश्न विचारतात तो किंमतीचा, आणि दुसरा कारखान्याच्या नांवाचा. पैसा जमवून महागडें पिस्तूल आणावें, वर्षभर घाम गाळूनहि गुण वाढूं नयेत, आणि अखेर ‘मुलाचा हातच वाईट’ असा निकाल देऊन सर्वांनीं मोकळें व्हावें, असें घडूं शकतें. वस्तुतः अशा वेळीं दोष हाताचा नसून मुठीचा असण्याचा संभव फार असतो.

प्रथम हा खेळ कसा चालतो तें पाहूं. नवशिक्याचा प्रवेश बहुधा दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलानें होतो. या पिस्तुलाची नळी 4.5 मिलिमीटरची असते. शिशाची चपट्या तोंडाची बारीक गोळी दाबलेल्या हवेच्या जोरावर सुटते आणि कागदास स्वच्छ वाटोळें भोंक पाडते. पिस्तूल एकाच हातानें, हात मोकळा लांब करून धरावें लागतें. 75 मिनिटांत साठ गोळ्या झाडावयाच्या असतात. दहा गुणांचें वर्तुळ अवघें 11.5 मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून बरेंच लहान. दुसरा प्रकार पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा. त्यांत .22 चें काडतूस वापरतात. निम्म्या गोळ्या सावकाश नेम धरून, तर निम्म्या, लक्ष्य तीन सेकंद समोर असतांनाच, हात खालून वर उचलून झाडाव्या लागतात.

या दुसऱ्या प्रकारांत महाराष्ट्राच्या मुलींनीं मोठें नांव मिळविलें आहे. खडकीच्या अनिसा सय्यद यांनीं 2010 सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं 2013 मध्यें कोरियांतील चांगवॉन येथें जागतिक करंडकाचें, आणि 2018 मध्यें आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक पटकावलें. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

आतां मूठ एवढी महत्त्वाची कां, हें थोड्या भूमितीनें स्पष्ट होईल. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक लहान उभी पट्टी असते. तिला माशी म्हणतात. मागच्या बाजूस एक चौकोनी खांच असते. खांचेच्या बरोबर मधोमध माशी दिसावी, दोहों बाजूंस प्रकाशाच्या सारख्या फटी राहाव्या, आणि दोहोंचे माथे एका रेषेंत यावे, म्हणजे नळी सरळ झाली. माशी व खांच यांमधील अंतर सुमारें 32 सेंटिमीटर धरलें, आणि माशी मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी सुमारें 31 मिलिमीटर दूर पडते. दहाचे एकदम सात गुण होतात. उलटपक्षीं माशी खांचेंत नीट बसलेली असून सबंध हातच पांच मिलिमीटर बाजूला डुलला, तर गोळीहि पांचच मिलिमीटर सरकते, आणि दहा गुण कायम राहतात. हात थोडाफार डुलणारच. तें मनुष्याच्या देहाचें लक्षण आहे. तो डुलणें क्षम्य आहे, परंतु मनगट वळणें क्षम्य नाहीं. म्हणूनच जाणते शिक्षक शिष्यास सांगतात कीं नजर लक्ष्यावर नव्हे, माशीवर ठेवावी. लक्ष्य अंधुक दिसलें तरी चालेल.

यावरून पिस्तूल निवडण्याची पहिली कसोटी आपोआप निघते. रिकामें पिस्तूल हातांत घ्यावें, लक्ष्यासमोर नेहमीच्या पवित्र्यांत उभें राहावें, डोळे मिटून हात उचलावा आणि तो स्थिरावल्यावर डोळे उघडावे. माशी खांचेच्या मध्यावर दिसली तर मूठ हातास जुळली. ती वारंवार एकाच अंगास कललेली दिसली, तर मूठ त्या हातासाठीं नाहीं. अशा वेळीं मनगट पिळून माशी मध्यावर आणणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. पहिल्या दहा गोळ्यांस तें साधतें, परंतु चाळिसाव्या गोळीस मनगट दमतें व नेम विसकटतो. आणि वाईट संवय मात्र हातास कायमची जडते.

स्पर्धेच्या पिस्तुलांच्या मुठी पुष्कळदां अक्रोडाच्या लांकडाच्या असतात आणि लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात. तळहाताखालीं एक सरकती फळी असते. ती वर घेऊन हातास बेताचा आधार द्यावयाचा, हात आंवळावयाचा नाहीं. मूठ जेथें टोंचते तेथें कानशीनें घांसावी, जेथें पोकळी राहते तेथें लांकडाचें लुकण भरावें. हें काम एका दिवसांत उरकूं नये. थोडें घांसावें, आठवडाभर सराव करावा, मग पुन्हां थोडें घांसावें. मात्र नियमांची मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. मनगटास मुठीचा कसलाहि आधार मिळतां कामा नये, आणि मुठीनें हाताला वेढा घालतां कामा नये. पन्नास मीटरच्या मुक्त पिस्तुलास मात्र हातमोजाप्रमाणें हात वेढणारी मूठ चालत असे. परंतु 2016 च्या स्पर्धांनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला.

मुठीनंतर चापाचा विचार येतो. हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान 500 ग्रॅम वजन पेलणारा असावा, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा 1000 ग्रॅम, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नळी उभी धरून चापास तेवढें वजन अडकवितात. तें उचललें गेलें पाहिजे. चापाची चाल बहुधा दोन टप्प्यांची असते. पहिला टप्पा सैल, दुसऱ्यावर किंचित् अडथळा, आणि मग गोळी सुटते. हे टप्पे व चापाची जागा मागेंपुढें करतां येते. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर सरळ मागें दाबला जावा, आणि बोटाची बाजू मुठीस घांसूं नये, एवढें साधलें म्हणजे पुरे. लांब बोटांच्या माणसासाठीं लावलेला चाप बारा वर्षांच्या मुलीस तसाच दिला, तर ती तो ओढतांना नळीसुद्धां ओढणार.

वजनाचीहि तीच गोष्ट. नियमानें हवेचें पिस्तूल 1500 ग्रॅमपर्यंत असूं शकतें. प्रत्यक्षांत तें सुमारें एक किलोचें असतें. नळीखालीं लहान वजनें लावून तोंड जड करतां येतें, त्यामुळें डुलणें मंदावतें. परंतु कोवळ्या खांद्यास साठ वेळां तें उचलावयाचें आहे, हें विसरूं नये. वाढत्या वयाच्या मुलांनीं हलक्या पिस्तुलानें आरंभ करून दंडांत बळ येईल तसें वजन वाढवावें.

यंत्र कितीहि उत्तम असलें तरी तें नेमबाजाच्या परिचयाचें असावें लागतें, याचा दाखला टोकियो येथें मिळाला. 25 जुलै 2021 रोजीं हरियाणाच्या मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा विजेवर चालणारा चाप ऐन स्पर्धेंत बिघडला. दुरुस्तींत पुष्कळ मिनिटें गेलीं. उरलेल्या वेळांत घाईनें गोळ्या झाडाव्या लागल्या, आणि 575 गुणांवर, अंतिम फेरीपासून केवळ दोन गुण दूर, त्यांना थांबावें लागलें. 2024 मध्यें पॅरिस येथें त्यांनींच दोन कांस्यपदकें जिंकलीं. विजेचा चाप त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. परंतु नवशिक्यानें साधा यांत्रिक चाप पसंत करावा, सुटे भाग जवळ ठेवावे, आणि आपलें पिस्तूल खोलून पुसून त्याचें अंतरंग जाणून घ्यावें, एवढा बोध त्यांतून घ्यावयास हरकत नाहीं.

तेव्हां नव्या मनुष्यानें काय करावें? पहिलें वर्ष संस्थेचीं पिस्तुलें वापरून पाहावीं. मुंबईंत वरळी आणि पुण्याजवळ बालेवाडी येथें नेमबाजीचीं मैदानें आहेत. तेथें निरनिराळ्या मुठी हातीं घेऊन वरील कसोटी लावावी. हवेच्या साध्या पिस्तुलास, त्याची शक्ति 20 जूलपर्यंत असल्यास, शस्त्रपरवाना लागत नाहीं; .22 च्या पिस्तुलास तो अवश्य लागतो. वापरलेलें पिस्तूल घेणार असल्यास त्याच्या हवेच्या नळकांड्यावरील तारीख वाचावी, कारण दाबाच्या नळकांड्यास वयाची मर्यादा असते. पिस्तूल भरलेलें असो वा रिकामें, त्याचें तोंड सदैव लक्ष्याकडेच असावें, आणि नेम धरीपर्यंत बोट चापावर जाऊं नये. गोळ्या शिशाच्या असल्यामुळें सरावानंतर हात धुवावे.

सर्वांत स्वस्त सराव मात्र घरांतच होतो. कोऱ्या भिंतीसमोर, गोळी न घालतां, माशी खांचेंत ठेवून हलकेच चाप ओढावा. माशी हलली नाहीं तर तो नेम खरा. यास मैदान लागत नाहीं, गोळ्या लागत नाहींत, आणि खांडबाऱ्याच्या मुलीस तो कोल्हापूरच्या मुलीइतकाच सुलभ आहे. पैशाच्या अभावीं मोठें पिस्तूल मिळालें नाहीं, तर तें पुढें मिळूं शकेल. परंतु न जुळणाऱ्या मुठीनें बिघडलेला हात पुन्हां घडविणें फार कठीण. जुन्या कमठेकऱ्यास हें ठाऊक होतें. त्यानें बांबू शोधण्यापूर्वीं पोराच्या दंडाकडे पाहिलें.