बोर्ड पाहून पाय पसरावे!

मार्चमधली दुपार, गोव्यातला मोरजीचा किनारा. तीन वाजले आणि रोजच्यासारखा समुद्रावरून वारा यायला लागला. माझा 12 स्क्वेअर मीटरचा काइट आकाशात, पायात आठवड्यापूर्वी घेतलेला सेकंडहँड बोर्ड आणि चेहऱ्यावर 'आता बघाच' असा भाव! पुढच्या दहा मिनिटांत बोर्डची कड लाटेत अडकली आणि मी आपटले. पडण्यात नवीन काहीच नव्हतं. काइटबोर्डिंग शिकताना माणूस चालवतो कमी आणि पडतोच जास्त. पण पडलं की पाय आपोआप बोर्डमधून सुटतात. त्या दिवशी उजवा सुटला, डावा अडकला. लाटेनं बोर्ड फिरवला, बोर्डबरोबर माझा घोटाही फिरला. मग जे काही झालं ते दुखणं शब्दांत सांगण्यात अर्थ नाही.

नशीब, हाड मोडलं नव्हतं. लिगामेंट ताणलं गेलं होतं. तीन आठवडे क्रेप बँडेज, लंगडत कॉलेज आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल स्टुलावर बसून. आईनं "तरी मी सांगत होते" हे वाक्य किती वेळा म्हटलं ते मोजायचं मी सोडून दिलं. पण खरा धक्का दिला तो किनाऱ्यावरच्या आमच्या इन्स्ट्रक्टर दादानं. त्यानं बोर्ड उचलला, पायाचा पट्टा बोटानं वर-खाली केला आणि विचारलं, "हा एवढा सैल का ठेवलास?"

मी म्हटलं, "सैल असला की पाय पटकन निघेल ना, दादा. सेफ!"

"उलट," तो म्हणाला. "सैल होता म्हणूनच अडकलास तू."

सैल म्हणजे सेफ नाही

काइटबोर्डिंग हळूहळू आपल्या मुलामुलींच्या यादीत यायला लागलंय. कुणी सुट्टीत मोरजी-आश्व्याला शिकायला जातं, कुणी थेट रामेश्वरम गाठतं. कोर्स करतो तेव्हा बोर्ड शाळेचा असतो, त्याचे पट्टे कुणीतरी आधीच लावून ठेवलेले असतात. खरी पंचाईत होते स्वतःचा बोर्ड घेताना. आपण काइटचा ब्रँड बघतो, बोर्डवरची डिझाइन बघतो. पायाखालचे पॅड आणि पायावरचे पट्टे? ते काय, बोर्डबरोबर येतातच की! मीही तेच केलं. माझी उंची पाच फूट दोन इंच. बोर्डचा आधीचा मालक सहा फुटी. त्यानं त्याच्या पायाला जसं लावलं होतं, तसंच मी वापरलं. म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवण्यातलाच प्रकार.

हे पट्टे करतात काय? नवशिके जो बोर्ड वापरतात त्याला ट्विनटिप म्हणतात. दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे सारखाच जातो. काइट आपल्याला ओढत असतो आणि आपण टाचांवर जोर देऊन बोर्डची कड पाण्यात रोवून त्या ओढीला विरोध करतो. हा सगळा जोर पायातून बोर्डपर्यंत पोचतो तो पॅड आणि पट्ट्यामधून. म्हणजे ही गाडीची सीट नव्हे, हे स्टिअरिंग आहे.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगते. पट्टा बसायला हवा पायाच्या मधल्या उंच भागावर, म्हणजे बुटाची नाडी बांधतो साधारण तिथे. पट्टा खूप सैल असला की लहान पाऊल आत सरकत जातं आणि पट्टा घोट्यापुढच्या वळणापाशी येऊन बसतो. तिथे पाऊल वाकलं की पट्टा कुलपासारखा अडकतो. पडताना पाय मागे सरकायला जागाच उरत नाही. याउलट पट्टा फार घट्ट असेल तर पाय सुन्न पडतो, बोटांत गोळे येतात आणि पडताना तो पटकन निघतही नाही. मधलं माप शोधायचं असतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

कोपऱ्यावरच्या काकांचा क्लास

घोटा बरा होत होता तेव्हा मी एका पट्ट्याची उसवलेली शिवण घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी आयुष्यात काइटबोर्ड पाहिला नव्हता. पट्टा उलटसुलट करून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाय कुठंय?"

मग त्यांनी जुनं वर्तमानपत्र पसरलं, मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलनं दोन्ही पावलांभोवती रेघ मारली. माझं डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं मोठं निघालं! "बहुतेकांचं असतं," काका म्हणाले. "आणि माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हा. चप्पल पायाला बघून घ्यावी, दुकानाला बघून नाही."

त्यांनी नायलॉनच्या दोऱ्यानं शिवण घातली, पण निघताना बजावलं, "हे तात्पुरतं आहे पोरी. समुद्रात जायचं तर नवा घे." नवा चांगला सेट दहा हजारांच्या पुढे जातो, म्हणून मी अडून बसले होते. पण फिजिओथेरपीचं बिल समोर आल्यावर हिशोब आपोआप जुळला.

तर काकांच्या त्या कागदापासूनच सुरुवात करा. पावलाची आकृती कापून पॅडवर ठेवून बघा. टाच पॅडच्या बाहेर लोंबत नाही ना, बोटं पॅडच्या पुढच्या उंचवट्यावर नीट टेकतात ना, हे घरबसल्या कळतं. पॅड डावा-उजवा वेगळा असतो, हेही तेव्हाच तपासा. अदलाबदल झाली तर पावलं आत वळतात आणि बोर्डवर उभं राहणंच मुश्कील होतं.

पट्टा बघताना

पट्ट्याला वेल्क्रो एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, ते आधी बघा. दोन्ही बाजूंना असेल तर पट्टा पायाच्या बरोबर मधोमध आणता येतो. एकाच बोर्डवर आलटून-पालटून दोन मित्र चालवणार असतील तर हे फार उपयोगी पडतं. आतून मऊ अस्तर हवं. ओल्या, खारट त्वचेवर कडक कड तासभर घासली की नव्या कोल्हापुरीपेक्षा वाईट चावते.

पट्टा जुळवायची माझी आताची पद्धत अशी: पाय आधी ओले करायचे, कारण कोरडा पाय जिथे थांबतो त्याच्या पुढे ओला पाय सरकतो. घरी सतरंजीवर बोर्ड ठेवायचा, फिन आधी काढून ठेवायचे, पाय घालायचे. बोटं पट्ट्याच्या बाहेर दिसली पाहिजेत. टाच उचलून बघायची: थोडीशी उचलली गेली तर बरोबर, पूर्ण उचलली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. शेवटी पाय हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवत मागे ओढायचा. हात न लावता निघायला हवा. दोन्ही पायांची ही परीक्षा वेगवेगळी घ्यायची. माझा डावा पट्टा आता उजव्यापेक्षा जरा मोकळा असतो, काकांच्या कृपेनं.

पॅडमध्ये काय बघायचं?

पॅड बहुतेक वेळा ईव्हीए फोमचे असतात, म्हणजे आपल्या हलक्या स्लीपरच्या तळव्याच्याच कुळातले. जाड आणि मऊ पॅड खळबळत्या पाण्याचे हादरे आणि उडीनंतरचा दणका शोषून घेतो. पातळ पॅडमध्ये पायाला बोर्ड जास्त 'कळतो', पण गुडघ्यांना दणका जास्त बसतो. शिकणाऱ्यानं जाड टाचेचा पॅड घ्यावा. काही पॅड बाहेरच्या बाजूनं किंचित उंच, आत कललेले असतात. पाय पसरून उभं राहिल्यावर गुडघ्यावर येणारा ताण त्यानं कमी होतो. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी हे जरूर बघावं.

दुकानात पॅड दाबून बघायचा मोह होतो. अंगठ्यापेक्षा टाचेनं दाबून बघा. सेकंडहँड घेताना तर टाचेच्या जागी कायमचा खड्डा पडलाय का, हे पहिलं तपासा. खड्डा पडला असेल तर त्या फोममधला जीव गेलेला असतो.

पाय किती पसरायचे?

आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरतात, इथे बोर्ड आणि खांदे पाहून. दोन पॅडच्या मध्यबिंदूंमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीएवढं किंवा थोडं जास्त असावं, असा साधा अंदाज. त्याहून सोपी युक्ती दादानं शिकवली: जागच्या जागी तीन-चार उड्या मारा आणि शेवटची उडी मारून न विचार करता जिथे पाय पडतील तिथे थांबा. ते अंतर मोजा. तुमचं शरीर स्वतःच उत्तर देतं. माझं आलं 46 सेंटीमीटर, आणि बोर्डवर आधीच्या मालकाची सेटिंग होती 54! पाय फार लांब असले की गुडघे आत वळतात, फार जवळ असले की बोर्डच्या टोकांवर ताबा राहत नाही.

दुसरी गोष्ट कोन. पावलं एकमेकांना समांतर ठेवायची नाहीत. बदकासारखी थोडी बाहेर वळवायची, दोन्हीकडे सारखीच. सुरुवातीला दहा अंशांच्या आसपास ठेवून बघायला हरकत नाही. तिसरी गोष्ट, पॅड टाचेच्या कडेकडे किती सरकवायचा. लहान पावलांच्या लोकांनी तो टाचेच्या कडेकडे सरकवला की कड पाण्यात रोवायला कमी ताकद लागते. मी एक भोक मागे सरकवला आणि वाऱ्याच्या वरच्या दिशेला जाणं, जे मला महिनाभर जमत नव्हतं, ते दोन दिवसांत जमायला लागलं. मला वाटत होतं माझी ताकद कमी पडतेय. कमी पडत होता एक स्क्रू ड्रायव्हर!

एकावेळी एकच गोष्ट बदला मात्र. अंतर, कोन आणि पट्टा तिन्ही एकदम बदलले तर नक्की कशानं फरक पडला ते कळत नाही. लॅबमध्ये सर हेच सांगतात ना?

छोटा स्क्रू, मोठा घोळ

पॅड बोर्डला बसतात ते स्क्रूंनी, बहुतेक वेळा 6 मिलिमीटर जाडीच्या. स्क्रू हरवला की हार्डवेअरच्या दुकानातून 'साधारण तसाच' आणायचा मोह होतो. सावधान! लांबी जास्त असेल तर स्क्रू बोर्डच्या पोटात घुसतो आणि खालचा थर फोडतो. कमी असेल तर एक-दोन आट्यांवर लटकतो आणि नेमक्या उडीच्या वेळी उपटतो. म्हणून जुना स्क्रू बरोबर न्या आणि 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा, कारण साधं लोखंड खाऱ्या पाण्यात गंजून भोकातच रुतून बसतं. आधीचे चार-पाच आटे हातानं फिरवा, मग स्क्रू ड्रायव्हर लावा. पॉवर ड्रिल नको. पाण्यात उतरण्यापूर्वी आठवड्यातून एकदा सगळे स्क्रू तपासा. परतल्यावर बोर्ड गोड्या पाण्यानं धुवा, पट्ट्याच्या वेल्क्रोमधली वाळू काढा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात गोव्यातला सीझन बंद असतो, तेव्हा स्क्रू काढून, पुसून डबीत ठेवले तर पुढच्या वर्षी ते सुखानं फिरतात.

बूट घ्यावेत का?

व्हिडिओ बघून अनेकांना वेकबोर्डसारखे बूट हवे असतात. त्यांत पाय पक्का बसतो, म्हणून जोरदार स्टंट करणारे ते वापरतात. पण ते घालायला-काढायला वेळ लागतो आणि पडताना पाय सुटत नाही. शिकणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या टोकाला लाटांवर खेळणारे लोक सर्फबोर्ड घेतात आणि पट्टे लावतच नाहीत. पाय टिकतो तो फक्त पॅडच्या किंवा मेणाच्या पकडीवर. 'बोर्ड-ऑफ' नावाच्या ट्रिकमध्ये तर हवेत असतानाच बोर्ड पायातून काढून पुन्हा घालतात. तिथे पट्टा किती घट्ट, हाच सगळा खेळ.

गंमत म्हणजे पायाचे पट्टे ही काइटबोर्डिंगची स्वतःची कल्पना नाहीच. 1970च्या दशकाच्या अखेरीस हवाईच्या विंडसर्फर मंडळींनी लाटांवरून उड्या मारताना बोर्ड पायाखालून निसटू नये म्हणून पट्टे लावले, आणि तीच कल्पना पुढे काइटबोर्डवर आली. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काइटचा पहिल्यांदाच समावेश झाला, शर्यती मार्सेच्या समुद्रात रंगल्या. सिंगापूरच्या मॅक्स मेडरनं तिथे ब्राँझ जिंकलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. म्हणजे आपल्या बारावीच्या वयाचा! त्यांचे बोर्ड वेगळे, पाण्याच्या वर तरंगणारे. पण त्या वेगातही पाय धरून ठेवतो तो एक पट्टाच.

मी पुन्हा मोरजीला गेले ती डिसेंबरमध्ये. नवे पट्टे, 46 सेंटीमीटर, दहा अंश, पॅड एक भोक मागे. पहिल्याच दिवशी दणदणीत पडले. पाण्यातून डोकं वर काढलं आणि आधी पायांकडे बघितलं. दोन्ही मोकळे होते. बोर्ड वीस फुटांवर शांतपणे तरंगत होता. दादा किनाऱ्यावरून ओरडला, "लागलं का गं?"

"नाही दादा," मी ओरडले, "सुटलं!"