मुक्या सोबत्याचा कर्करोग

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे माणूसच उभा राहतो. परंतु हा रोग केवळ माणसाच्या वाट्याला आलेला नाही. कुत्री, मांजरे, गाई, घोडे या सर्वांना तो होतो. पूर्वी घरची जनावरे साथीच्या रोगांनी लहान वयातच दगावत. आता लसी आणि सकस अन्न मिळू लागल्यामुळे घरचा कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो, आणि वार्धक्याबरोबर हा रोगही दाराशी येतो. त्याच्यावरील उपचार ही आज पशुवैद्यकाची स्वतंत्र शाखा झाली आहे.

या शाखेचे एक माहेरघर म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचे विद्यापीठ. तेथे डॉ. स्टीफन विथ्रो यांनी हाडाचा कर्करोग झालेल्या कुत्र्यांचा पाय न कापता केवळ रोगट हाड काढून पाय वाचविण्याच्या शस्त्रक्रियेला आकार दिला. कुत्र्यांचा हा रोग किशोरवयीन मुलांच्या हाडांच्या कर्करोगाशी फार मिळताजुळता असल्यामुळे तेथील अनुभव पुढे मुलांच्याही कामी आला. २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या कर्करोगासाठीच तयार केलेल्या पहिल्या औषधाला मान्यता दिली. तोपर्यंत माणसांचीच औषधे बेताने वापरली जात, आणि आजही बहुतांशी तीच वापरतात.

त्यांपैकी एकाचे मूळ आपल्या अंगणातच आहे. सदाफुलीच्या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध काढतात. १९६३ पासून ते माणसांच्या उपचारांत आहे. कुत्र्यांच्या एका विलक्षण रोगावर ते रामबाण ठरले आहे. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ आढळते. तीत एका कुत्र्याच्या जिवंत रोगपेशीच दुसऱ्याच्या अंगी रुजतात. हजारो वर्षांपूर्वी आशियातील एकाच कुत्र्याच्या शरीरात हा रोग जन्मला आणि तेव्हापासून तो असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. आठवड्यातून एकदा याप्रमाणे काही आठवडे व्हिन्क्रिस्टीन शिरेतून दिले की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात.

सर्वच कर्करोग इतके नमते घेत नाहीत. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी येतात. उपचार न केल्यास बहुतेक कुत्री एक-दोन महिन्यांत जातात. व्हिन्क्रिस्टीनसह चार औषधांचा क्रम चार ते सहा महिने दिला, तर दहांपैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि साधारण वर्षभराचे आयुष्य लाभते. कायमचे बरे होणारे मात्र विरळा.

हा क्रम म्हणजे जनावराचा छळ, अशी समजूत आहे. ती खरी नाही. माणसाला रोगमुक्त करण्यासाठी मोठा त्रास सोसायला लावला जातो, कारण पुढचे सुख त्याला समजते. कुत्र्याला उद्याचा दिवस कळत नाही. त्याला आजचाच दिवस कळतो. म्हणून त्याची मात्रा मुळातच हलकी ठेवतात. एखाद-दुसरा दिवस उलटी, जुलाब किंवा मंदावलेली भूक, एवढाच त्रास बहुतेकांना होतो. केसही सहसा गळत नाहीत; पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती तेवढ्या अपवाद. मांजरांच्या मात्र मिशा झडतात. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना जन्मतःच ही औषधे सोसत नाहीत, हे वैद्याला आधी सांगावे.

गृहिणींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवी गाठ दिसल्यास “बघू पुढे” म्हणू नये. सुईने चार पेशी काढून तपासणे सोपे असते. मांजरीच्या स्तनातील गाठी बहुधा घातकच निघतात. कुत्रीचे गर्भाशय व बीजकोश लहानपणीच काढल्यास तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो, असे अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वेदना होतात म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊ नये. तिने मांजर मरते. कर्करोगाचे औषध दिल्यावर काही दिवस जनावराचे मलमूत्र हातमोजे घालूनच काढावे, आणि गरोदर स्त्रियांनी त्यापासून दूर राहावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. मुलांची फी आणि वृद्धांची औषधे यांना कात्री लावून कुत्र्याचे उपचार करणे सर्वांनाच शक्य नसते, आणि तसे न करणाऱ्याने स्वतःला निर्दय समजू नये. वैद्याला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: किती दिवस मिळतील, ते कसे जातील, आणि खर्च किती. गाठीची सूज उतरविणाऱ्या व वेदना शमविणाऱ्या साध्या गोळ्यांवर काही आठवडे सुखाने नेणे, हाही उपचारच आहे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी. तो खुशीने जेवला, हाक मारताच उठला, शांत झोपला, तर दिवस चांगला. वाईट दिवसांच्या खुणा चांगल्यांहून अधिक होऊ लागल्या, म्हणजे वैद्याच्या हातून वेदनारहित शेवट देण्याची वेळ आली, असे समजावे. त्या वेळी मुलांना खोटे सांगून बाहेर धाडू नये. ज्याने इतकी वर्षे त्यांची वाट पाहिली, त्याचा निरोप घेण्याचा त्यांना हक्क आहे.