बिघडलं म्हणण्याआधी

आज आपण उंदराविषयी बोलणार आहोत. कणगीतल्या नव्हे, कॉम्प्युटरच्या टेबलावरच्या. आता बऱ्याच गटांकडे कॉम्प्युटर आलाय. कुणी त्यावर हिशेब लिहितं, कुणी चटणीच्या पाकिटांची लेबलं छापतं, कुणी बँकेचे कागद भरतं. आणि ऐन घाईच्या दिवशी हा माऊस रुसतो. तो रुसला की काय करायचं हे सांगतोच, पण त्याआधी आमची फजिती ऐका.

आमच्या गटाचं कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम आहे. मार्चअखेर होती, कर्जाचे कागद भरायला दोन दिवस उरले होते. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावरचा बाण जागेवर थांबेना. डावीकडे न्यावा तर वर उडी मारी, मध्येच गोठून जाई. आमच्या खजिनदार ताई रडकुंडीला आल्या, म्हणाल्या, "माझ्याच हातनं काहीतरी झालं." आम्ही कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला आणि दुकानात नेला. चार दिवस तिथं राहिला, अठराशे रुपये लागले. घरी आणून लावला, तर बाण पुन्हा तसाच नाचायला लागला!

कारण काय, तर दुकानात आम्ही नुसता डबा नेला होता. माऊस इथंच टेबलावर पडून होता. दुकानात त्यांनी त्यांचा माऊस लावून बघितला असणार, तो व्यवस्थित चालला असणार.

मग आमच्यातल्या एक काकू पुढं आल्या. त्या घरी टॉवेलच्या कडा शिवतात. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "मशीनचा टाका सुटायला लागला की आपण मशीन विकायला काढतो का गं? आधी सुई बघतो, मग दोरा, मग बॉबिन. हे उलटं करून बघा की." माऊस उलटा केला. खाली जिथून उजेड येतो त्या बारक्या भोकात टॉवेलच्या सुताचा गुंता बसला होता. कोरड्या कापसाच्या काडीनं तो काढला, आणि बाण शहाण्यासारखा चालायला लागला.

अठराशे रुपये गेले, कागदांची तारीख गेली, कर्ज पुढच्या महिन्यावर गेलं. पण मैत्रिणींनो, सगळ्यात वाईट वेगळंच होतं. मधल्या दिवसांत आमच्या खजिनदार ताईंनी कॉम्प्युटरपुढं बसणंच सोडलं होतं. "आपल्याला नाही जमायचं," म्हणून. एका सुताच्या गुंत्यानं त्यांचा धीर घालवला. म्हणून आजचा हा विषय.

आता हा माऊस चालतो कसा ते बघा, म्हणजे भीती जाईल. पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची, आणि तो घडवला बिल इंग्लिश यांनी. लाकडाची छोटी पेटी, खाली दोन चाकं, वर एक बटण, आणि शेपटीसारखी वायर. त्या शेपटीवरूनच त्याला उंदीर म्हणायला लागले. म्हणजे सुरुवात सुताराच्या कामासारखीच झाली, त्यात जादू काही नाही.

आजच्या माऊसला चाकांऐवजी खाली एक दिवा आणि एक बारका कॅमेरा असतो. तो कॅमेरा खालच्या जागेचे एका सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढतो आणि आधीचा फोटो नव्याशी ताडून बघतो. जागा किती सरकली यावरून बाण सरकतो. एवढं कळलं की निम्मे बिघाड आपोआप कळतात. काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत सनमायक्यावर माऊस का चालत नाही? कारण कॅमेऱ्याला सगळीकडे सारखंच दिसतं. खाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवा, चालेल. बाण उड्या का मारतो? भोकात सूत, केस, पीठ गेलंय. आपल्या सोलापुरात घरोघरी शिवणकाम, त्यात उन्हाळ्याची धूळ, म्हणून आठवड्यातनं एकदा माऊस उलटा करून पुसायचा. ओलं फडकं नको, कोरडं.

माऊस अजिबातच हलत नसेल तर त्याची वायर काढून दुसऱ्या भोकात लावा. पुढची भोकं रोजच्या काढघालीनं सैल होतात, डब्याच्या मागची बहुधा घट्ट असतात. तरी नाही चालला, तर वायर माऊसमध्ये शिरते तिथं हलकेच हलवून बघा. हलवल्यावर चालू-बंद होत असेल तर वायर आतून तुटलीय. बिनवायरचा असेल तर पोटातला सेल बदला, खालचं चालू-बंदचं बटण बघा, आणि कॉम्प्युटरला लावायचा तो नखाएवढा तुकडा जागेवर आहे ना ते बघा. तो हरवला तर माऊस कामाचा राहत नाही, म्हणून त्याला नथीसारखा जपायचा.

आणखी एक खोड असते. बटण एकदा दाबावं आणि ते दोनदा दाबल्यासारखं व्हावं. बटणाखाली एक बारीक धातूची पत्ती असते, ती झिजली की असं होतं. ही पत्ती घरी दुरुस्त करत बसू नका. तेवढ्यापुरतं माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन उजवं बटण मुख्य करून घ्या आणि काम उरका. मग नवा माऊस आणा, साधा वायरचा दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. आणि माऊस मधेच मेला तर घाबरून वीज बंद करू नका. कंट्रोल धरून एस दाबलं की काम जपून राहतं. टॅबनं पुढं सरकता येतं, एंटरनं होकार देता येतो. ऑल्ट धरून एफ ४ दाबलं की समोरचं पान बंद होतं.

आता काकूंनी जे केलं त्याचा आपण नियम करू. कुठलीही वस्तू बंद पडली की स्वतःला चार प्रश्न विचारायचे. वीज पोचते का? जोडणी घट्ट आहे का? कुठं कचरा अडकलाय का? आणि काल चालत होतं, मग कालपासून काय बदललं? त्यानंतर एकेक गोष्ट बदलून बघायची. एका वेळी एकच. चार्जर, वायर आणि बोर्ड तिन्ही एकदम बदलले तर खोट कशात होती ते कळतच नाही.

मिक्सरचं बघा. शेंगदाणे वाटताना तेल सुटतं, चटणी पात्यांना धरते, मोटारीवर ताण येतो आणि मिक्सर एकदम गप्प होतो. आपण म्हणतो, जळाला. पण बऱ्याच मिक्सरच्या तळाला एक लाल बटण असतं. मोटार तापली की ते वर उसळतं आणि वीज तोडतं, मोटार जळू नये म्हणून. आधी पिन काढा, भांडं अर्धं रिकामं करा, मोटार गार होऊ द्या, मग ते बटण आत दाबा. पण पुन्हा पुन्हा उसळत असेल किंवा जळकट वास आला असेल, तर हट्ट करू नका.

टीव्हीचा रिमोट चालत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा उजेड बऱ्याच मोबाईलमध्ये जांभळट दिसतो. दिसला तर रिमोट चांगला आहे, खोट टीव्हीकडं. दिसला नाही तर आधी सेल बदला.

मोबाईल चार्ज होत नसेल तर दुसरी वायर लावून बघा, मग दुसरा चार्जर. तरी नाही, तर मोबाईल बंद करून चार्जिंगच्या भोकात बघा. पदराच्या सुताचा, पिठाचा बोळा सापडतो. तो मऊ कोरड्या ब्रशनं काढायचा, सुई-टाचणीनं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. तापलेला मोबाईल स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्याला सावलीत ठेवा. आणि मोबाईलची पाठ फुगलेली दिसली तर मात्र बॅटरी फुगलीय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका.

वजनकाट्याचं थोडं वेगळं आहे. आकडा स्थिर राहत नसेल तर पंखा बंद करा, काटा सपाट जागी ठेवा, बॅटरी चार्ज करा आणि एक किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून बघा. पण तो उघडू नका. विक्रीसाठीच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन विभागाकडून तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. आपण उघडला तर शिक्का मोडला, आणि मोडक्या शिक्क्याच्या काट्यावर माल विकता येत नाही.

आता अशा यंत्राकडे येऊ, जे आपलं नाही पण ज्याच्या खोटीची शिक्षा आपल्याला होते. अंगठ्याचं मशीन. रेशन दुकानात अंगठा लावला आणि मशीन म्हणालं, जुळत नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया हजारोंनी आहेत. वर्षानुवर्षं पानं कापून, तंबाखू हाताळून बोटांवरच्या रेषा झिजतात. शेतात खुरपणाऱ्यांचंही तेच. बाई खाली मान घालून परत जाते, जणू खोट तिच्या बोटात आहे. अगं, ज्या बोटांनी घर चाललं त्या बोटांत कसली खोट? मशीनला वाचता येत नाही, एवढंच.

त्याला उपाय आहेत. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी साबणानं धुऊन कोरडे करा. मशीनची काच कोरड्या मऊ फडक्यानं पुसायला सांगा. आधीच्या पन्नास जणांची बोटं तिच्यावर उमटलेली असतात. बोट सपाट ठेवा, फार दाबू नका. अंगठा नाही जमला तर दुसरी बोटं लावून बघा, आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. जिथं सोय असेल तिथं डोळ्याची बुबुळं वापरता येतात. नेहमीच अडचण येत असेल तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं नोंदवून घ्या. आणि नुसता ठसा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं राज्यांना कळवलेलं आहे. तेव्हा रिकाम्या पिशवीनं परत फिरू नका. दुसरा मार्ग कोणता ते विचारा, गटातल्या दोघी सोबत न्या. बँकेचे पैसे अंगठ्यानं काढताना मात्र "झालं नाही, परत लावा" म्हटल्यावर लगेच लावू नका, आधी पावती किंवा मेसेज बघा. नाहीतर पैसे दोनदा कापले जायचे.

आणि आता हात कुठं थांबवायचा ते. पिन बोर्डात असताना कुठलीच वस्तू उघडायची नाही. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते, ती जीव घ्यायला पुरेशी आहे. वस्तूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती वस्तू त्याच क्षणी वापरातून बाद. पाणी तापवायचा रॉड बादलीत असताना बोट बुडवून पाणी बघणं आजपासून बंद. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट. तीन पिनांमधली लांब, जाड पिन अर्थिंगची असते, ती मोडून दोन पिनांवर काम चालवू नका. जळका वास, ठिणगी, धूर दिसला की मुख्य बटण पाडायचं आणि वायरमनला बोलवायचं. बाहेरच्या तारेची तक्रार असेल तर महावितरणचा १९१२ हा नंबर आहे.

मोबाईल दुरुस्तीला देतानाही थोडं भान ठेवा. सिम आणि कार्ड काढून घ्या, खासगी फोटो काढून घ्या, पैशांच्या ॲपचा पिन कुणालाही सांगू नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आमच्या गटात आता कॉम्प्युटरशेजारी एक वही टांगलीय. काय बंद पडलं, आम्ही काय बघितलं, कशानं सुरू झालं, दुकानात किती पैसे गेले, असं सगळं तिच्यात लिहितो. दुकानात जाताना वहीही नेतो, आणि डब्यासोबत माऊससुद्धा! वही लिहायचं काम कुणाकडं आहे माहितीय? त्याच खजिनदार ताईंकडं. परवा शेजारच्या गटाचा कॉम्प्युटर अडला तेव्हा त्यांनी फोनवरूनच विचारलं, "काल काय बदललं होतं?" पलीकडनं उत्तर आलं, "काही नाही ओ, नवीन काचेचं टेबल आणलंय फक्त."

तुमच्या पुढच्या बैठकीत एक गोष्ट करा. घरातली बंद पडलेली एकेक वस्तू घेऊन या आणि पिन न लावता, चौघींनी मिळून ते चार प्रश्न विचारा. काही वस्तू खरोखरच बिघडलेल्या निघतील, त्या खुशाल दुकानात द्या. पण "मला नाही जमायचं" हे मात्र तपासल्याशिवाय म्हणायचं नाही. येतो आम्ही. नमस्कार.